दुबई : पैसा कुठे लागतो, कुठे लागत नाही

दुबईच्या खाडीला दोन काठ आहेत, देरा आणि बर दुबई. एका काठावरून दुसऱ्या काठाला जायला लाकडी नाव असते, तिला अब्रा म्हणतात. मधोमध इंजिन, त्याभोवती फळ्यांची बैठक आणि वीसेक माणसं पाठीला पाठ लावून पाण्याकडे तोंड करून बसलेली. नाव भरली की सुटते आणि पाच-सात मिनिटांत पलीकडे पोचते. भाडं एक दिरहम, म्हणजे 2025 च्या अखेरच्या दराने आपले चोवीस-पंचवीस रुपये. याच शहरात बुर्ज खलिफाच्या 148 व्या मजल्यावर जायला काही शे दिरहम लागतात, आणि समुद्रकाठच्या हॉटेलात एका रात्रीला हजारो दिरहम मोजणारी माणसंही येतात.

आपल्याकडे दुबई म्हटलं की हे दुसरं चित्रच डोळ्यांसमोर येतं. त्यामुळे काहीजण ‘आपल्याला कुठलं परवडायला’ म्हणून बेतच सोडून देतात. काहीजण पॅकेज घेतात, बस थांबेल तिथे उतरतात, पुष्कळ खर्च करून परततात आणि खाडी पाहायची राहूनच जाते. मला दोन्हींचं वाईट वाटतं. या शहरात पैसा नेमका कशासाठी मोजावा लागतो आणि कशासाठी नाही, हे एकदा समजलं तर विद्यार्थी, निवृत्त जोडपं आणि सुखवस्तू कुटुंब अशा तिघांनाही आपापल्या ऐपतीत दुबई नीट पाहता येते.

दुबई कमी खर्चात पाहता येते ती तिथे राबणाऱ्या माणसांमुळे. शहरातल्या दर दहा माणसांपैकी साधारण नऊ परदेशी आहेत. एकट्या भारतीयांचा आकडा सगळ्या संयुक्त अरब अमिरातीत मिळून पस्तीस लाखांच्या वर जातो. त्यांत बँकेतले अधिकारी आहेत, तसे सुतार, गवंडी, ड्रायव्हर, सेल्समन, नर्स, वेटरही आहेत. रत्नागिरी-रायगडातली आणि गोव्यातली कितीतरी घरं तिथल्या पगारावर उभी राहिली. ही माणसं एका खोलीत चार-सहाजण मिळून राहतात. तिथे खोली नव्हे, तर ‘बेडस्पेस’ भाड्याने मिळते. महिन्याचा मोठा हिस्सा घरी पाठवायचा असल्यामुळे त्यांना स्वस्त जेवण, स्वस्त बस, स्वस्त कपडे लागतात. म्हणून शहरात मलबारी कॅफेटेरिया आहेत, एक-दोन दिरहमचा कराक चहा आहे, दूरदूर जाणाऱ्या बस आहेत. कमी पैशांत फिरणारा पर्यटक या माणसांसाठी झालेल्या सोयींवरच फिरतो. ते ध्यानात ठेवून फिरलं तर शहर वेगळं दिसतं. हिंदी जवळजवळ सगळीकडे चालते. नावाड्याशी, चहावाल्याशी दोन शब्द बोलायला भाषेची अडचण येत नाही.

खाडीपाशी थोडं रेंगाळायला हवं, कारण दुबईच्या श्रीमंतीची सुरुवात तिथे आहे, आणि तो इतिहास आपल्याशीही जोडलेला आहे. तेलाच्या कितीतरी आधी इथे मोत्यांचा धंदा होता. आखातातल्या मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई. 1930 च्या दशकात जपानचे संवर्धित मोती आले, त्यातच जागतिक मंदी आली, आणि हा धंदा बसला. पैशांचा व्यवहार मात्र भारतीय रुपयातच चालू राहिला. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, कारण रुपये देऊन तिकडून सोनं चोरून भारतात येत होतं आणि परकीय चलनाची गंगाजळी आटत होती. 1966 मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं तेव्हा आखाती देशांनी या नोटा सोडल्या. आजचा दिरहम 1973 चा.

आखातासाठीच्या या नोटा निघाल्या त्याच सुमारास दुबईचे शासक शेख रशीद यांनी एक धाडस केलं. खाडीत गाळ साचून मोठी गलबतं आत येईनाशी झाली होती. हातात तेल नव्हतं, तिजोरीत पैसा नव्हता. त्यांनी कुवेतकडून कर्ज उभारून खाडी उपसून घेतली. काम 1961 मध्ये पुरं झालं. तेल सापडलं 1966 मध्ये, म्हणजे खाडी आधी आणि तेल नंतर. पुढे 1972 मध्ये रशीद बंदर आलं, 1979 मध्ये जेबेल अली. दुबईचा तेलसाठा शेजारच्या अबुधाबीच्या मानाने अगदी थोडा आहे, हे शेख रशीद यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी तेलाचा पैसा बंदर, विमानतळ आणि रस्त्यांत घातला. माल आणि माणसं इथून ये-जा करत राहिली पाहिजेत, हा हिशेब तेव्हापासूनचा आहे. देराच्या धक्क्यावर आजही लाकडी गलबतं एकाला एक लागून उभी असतात. फ्रीज, टायर, गाद्या, तेलाचे डबे उघड्यावर रचलेले दिसतात. माल इराणला, सोमालियाला जातो. हे बघायला पैसे पडत नाहीत, आणि माझ्या मते दुबईत याहून पाहण्यासारखं फार थोडं आहे.

बर दुबईच्या काठावर अल फहिदी नावाची जुनी वस्ती आहे. इराणच्या किनाऱ्यावर जकात वाढली आणि दुबईने ती माफ केली, तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडचे व्यापारी इथे येऊन स्थायिक झाले. त्यांच्या बस्तक गावावरून या वस्तीला बस्तकिया म्हणत. 1980 च्या दशकात तिचा मोठा भाग पाडला गेला. उरलेला वाचवण्यासाठी इथे राहणाऱ्या एका ब्रिटिश वास्तुविशारदाने खटपट केली आणि 1989 मध्ये तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी येऊन पाहणी केली. आज त्या अरुंद गल्ल्यांतून फुकट हिंडता येतं. प्रवाळाच्या दगडांच्या आणि जिप्समच्या भिंतींवर चौकोनी बुरूज दिसतात, त्यांना बरजील म्हणतात. विजेच्या आधीचं हे वातानुकूलन. बुरूज चारी बाजूंनी उघडा असतो, आत फुलीच्या आकाराचे पडदे असतात. वारा कुठूनही आला तरी एका कप्प्यात अडतो आणि खाली खोलीत उतरतो. खोलीतली तापलेली हवा दुसऱ्या कप्प्यातून वर निघून जाते. थंडीच्या दिवसांत खालचं तोंड झाकून टाकायचं. जमिनीलगत वारा मंद आणि धुळीचा, वर तो मोकळा, म्हणून बुरुजाला उंची.

या बुरुजाखाली उभं राहिलं की आजच्या दुबईतल्या दरपत्रकाचा पाया कळतो. इथे पैसा मुख्यतः गारव्याचा लागतो. जून ते सप्टेंबर पारा चाळिशीच्या वर असतो, दमट हवेमुळे रात्रीही सुटका नसते. उन्हात बांधकाम करणाऱ्या मजुरांना 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन काम देऊ नये, असा कायदाच आहे. वर्षाचा पाऊस जेमतेम 100 मिलिमीटर पडतो. पिण्याचं पाणी जवळपास सगळं समुद्राचं खारं पाणी गोडं करून मिळवलेलं. नोव्हेंबर ते मार्च हवा सुखद असते, त्यामुळे सगळं जग तेव्हाच येतं आणि हॉटेलांचे दर चढतात, नाताळ आणि नव्या वर्षाच्या आठवड्यात तर खूपच. उन्हाळ्यात तीच खोली पुष्कळ स्वस्त होते. मात्र हॉटेलात वाचलेले पैसे टॅक्सीत आणि मॉलमध्ये जातात, कारण पायी चालवत नाही. अब्रा, गल्ल्या, समुद्रकिनारा, सगळं अवघड होऊन बसतं. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर स्वस्त आहे म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नये, असंच मी सांगेन. नोव्हेंबरची सुरुवात किंवा मार्चची अखेर धरली तर हवा आणि दर दोन्ही सोसवतात. रमजान कधी येतो, तेही आधी पाहून ठेवावं. त्या महिन्यात दिवसा शहराचा वेग मंदावतो आणि संध्याकाळी रौनक येते. चार पैसे वाचतात आणि इफ्तारची वेळ अनुभवायला मिळते.

हॉटेल निवडताना एक हिशेब विसरू नये. संकेतस्थळावर दिसणाऱ्या दरावर अनेकदा दहा टक्के सेवा शुल्क, सात टक्के नगरपालिकेचं शुल्क आणि पाच टक्के व्हॅट चढतो. शिवाय हॉटेलच्या दर्जाप्रमाणे दर खोलीमागे दर रात्री 7 ते 20 दिरहम पर्यटन शुल्क वेगळं द्यावं लागतं. बजेट आखडतं असेल तर देरा किंवा बर दुबईत, मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल अशी जागा घ्यावी. समुद्रकाठी स्वस्त खोली शोधण्यात वेळ घालवू नये.

9 सप्टेंबर 2009 रोजी सुरू झालेली मेट्रो मध्यमवर्गीय प्रवाशाची खरी मदतनीस आहे. चालक नसलेली ही गाडी विमानतळाच्या टर्मिनल 1 आणि 3 मधूनच मिळते. ‘नोल’ नावाचं सिल्व्हर कार्ड 25 दिरहमला येतं, त्यातले 19 प्रवासासाठी वापरता येतात. तेच बसला, ट्रामलाही चालतं. एका फेरीला अंतराप्रमाणे 3 ते साडेसात दिरहम. दुप्पट भाडं भरून गोल्ड डब्यात बसलं की टोकाच्या काचेतून समोरचा मार्ग दिसतो. शेख झायेद रोडच्या उंच इमारतींमधून एकदा तसं जाणं मला पैसे वसूल करणारं वाटतं. बायका-मुलांसाठी राखीव जागा असते. डब्यात काही खाल्लं-प्यायलं तर 100 दिरहम दंड होतो, अगदी च्युइंगगमलासुद्धा.

गारव्यानंतर पैसा जातो उंचीला. बुर्ज खलिफा 828 मीटर उंच, 4 जानेवारी 2010 ला खुली झाली. 124 आणि 125 व्या मजल्याचं तिकीट त्यातल्या त्यात आटोक्यातलं, 148 चं त्याच्या दुपटीच्याही वर. सूर्यास्ताच्या सुमाराची वेळ सर्वांत महाग, कारण एकाच तिकिटात उजेड, संधिप्रकाश आणि दिव्यांचं शहर असं तिन्ही दिसतं. सकाळी लवकरची वेळ घेतली तर बरेच पैसे वाचतात. ही इमारत इतकी उंच आहे की वरच्या मजल्यांवर सूर्य उशिरा मावळतो. म्हणून रमजानमध्ये 80 व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटं आणि 150 च्या वरच्यांनी तीन मिनिटं उशिरा रोजा सोडावा, असं दुबईच्या धर्माधिकाऱ्यांनी 2011 मध्ये सांगितलं होतं. खालून ती पाहायला आणि तिच्या पायथ्याच्या तळ्यातली कारंजी पाहायला काहीच पडत नाही. शेजारच्या दुबई मॉलमधलं मत्स्यालयही बाहेरून भल्यामोठ्या काचेतून फुकट दिसतं. आतल्या तिकिटाची मला गरज वाटली नाही. उंचावरून शहर पाहायचंच असेल तर झबील पार्कमधली 150 मीटर उंचीची दुबई फ्रेम मी सुचवेन. 2018 मध्ये ती उघडली, तिकीट साधारण 50 दिरहम, आणि एका बाजूला जुनं देरा, दुसऱ्या बाजूला नवी दुबई दिसावी अशीच तिची जागा निवडलेली आहे. बुर्ज खलिफावर चढलं की बुर्ज खलिफाच दिसत नाही, फ्रेमवरून तीही दिसते.

समुद्र फुकट आहे. काइट बीचवर जाऊन वाळूत बसा. डोक्यावर पतंग, उजवी-डावीकडे पोहणारी मुलं आणि थोड्या अंतरावर शिडाच्या आकाराचं बुर्ज अल अरब हॉटेल. त्या हॉटेलच्या आत जायला आधी पैसे भरून जागा राखावी लागते. बाहेरून ते अधिक चांगलं दिसतं.

खाण्याचं म्हणाल तर मराठी माणसाची तिथे आबाळ होत नाही. करामा आणि बर दुबईतल्या मीना बाजारात शाकाहारी थाळ्या, डोसे, वडापाव मिळतो. अकोल्याकडच्या दातार कुटुंबाने 1984 मध्ये सुरू केलेल्या अल अदिल दुकानांतून भाजणी, मसाले, लोणची मिळतात. धनंजय दातार यांना तिथे ‘मसाला किंग’ म्हणतात ते उगाच नाही. पण चार दिवसांसाठी गेलेल्याने घरचीच चव शोधत बसू नये. इराणी कबाब, लेबनीज शावरमा, पठाणी नान, केरळी मासे, फिलिपिनी भात, खजुराच्या पाकातले लुकैमात हे सगळं थोड्या अंतरावर आणि थोड्या पैशांत मिळणारी शहरं जगात फार नाहीत.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिने खरोखर घोटाळा होऊ शकतो. अमिरातीत खसखस बंदी घातलेल्या अमली पदार्थांत मोडते. फराळाच्या डब्यातले अनारसे, खसखस घातलेले लाडू, मसाल्याची पुडी, हे काहीही सामानात नको. विड्याची पानंही नकोत. खोकल्याच्या आणि वेदनाशामक औषधांत कोडीन किंवा ट्रामाडॉल असेल तर तिथल्या आरोग्य मंत्रालयाची परवानगी ऑनलाइन आधी काढावी लागते. नेहमीच्या गोळ्यांबरोबरसुद्धा डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी. नातेवाइकांसाठी कुणी बंद पुडकं दिलं तर ते उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. व्हिसा बहुतेक भारतीयांना निघण्यापूर्वीच लागतो, तीस किंवा साठ दिवसांचा मिळतो.

सोन्याबद्दल समजुतीच फार आहेत. देराच्या सोनेबाजारातून चालत जाणं हा अनुभव घ्यावा, खिडक्यांतले हार पाहावेत. पण स्वस्त म्हणून खरेदी करताना हिशेब करावा. सोन्याचा दर रोज जाहीर होतो, तो सगळ्या दुकानांत सारखा; घासाघीस होते ती घडणावळीवर. भारतात परतताना दागिन्यांची शुल्कमाफी एका वर्षाहून अधिक काळ परदेशात राहिलेल्यांना आहे, आठवडाभर फिरायला गेलेल्यांना नाही. त्यात भारताने जुलै 2024 मध्ये सोन्यावरचं आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 वर आणलं, तेव्हा जुना फायदा बराचसा आटला. जायच्या आधी तेव्हाचं शुल्क पाहून घ्यावं. खजूर, केशर, सुकवलेले लिंबू आणायला मात्र शेजारचा मसाल्यांचा बाजार उत्तम.

आता वाळवंट. दुबईला जाणाऱ्या बहुतेकांना ते फार थोडं भेटतं. नेहमीच्या सफारीत दुपारी गाडी हॉटेलवर येते, वाळूत शिरण्याआधी टायरांतली हवा कमी करतात म्हणजे चाकाचा पसारा वाढतो आणि ते रुतत नाही. मग टेकड्यांवरून अर्धा तास आदळआपट, सूर्यास्ताचे फोटो, आणि एका तळावर जेवण व नाच. शंभर-दीडशे दिरहमपासून हे मिळतं. मुलांना मजा येते, हे खरं. पण तिथला गिरक्यांचा तनुरा नाच इजिप्तचा, पोटाचा नाचही इथला नाही. वाळवंटातल्या भटक्या बदूंचं जगणं त्यातून कळत नाही. पाठीचा, मानेचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी त्या गाडीत बसूच नये.

शांत वाळवंट हवं असेल तर फुकटही आहे. शहराच्या दक्षिणेला अल कुद्रा इथे वाळूत तलाव खोदलेत, तिथे पक्षी येतात आणि सायकलींसाठी लांबच लांब वेगळा रस्ता आहे. मेट्रो तिथे जात नाही, चौघांनी मिळून गाडी घ्यावी. शहराच्या पोटातच, खाडीच्या शेवटी, रास अल खोर हे अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथे शेकडो फ्लेमिंगो उतरतात आणि निरीक्षणाच्या झोपड्यांत जायला तिकीट नाही. ठाण्याच्या खाडीसारखीच ही जागाही पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. आणखी एक दिवस हातात असेल तर अल गुबैबा स्थानकावरून 25 दिरहमच्या बसने अल ऐनला जावं. तिथल्या ओॲसिसमध्ये लाखाहून अधिक खजुरीची झाडं आहेत आणि त्यांना जमिनीखालून आणलेल्या फलज नावाच्या पाटांनी पाळीपाळीने पाणी मिळतं. संभाजीनगरची नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. 2011 पासून हा परिसर जागतिक वारशात आहे, प्रवेश मोफत. तेवढ्याच भाड्यात अबुधाबीलाही बस जाते, तिथली शेख झायेद मशीद पाहायलाही पैसे पडत नाहीत, फक्त ऑनलाइन नोंदणी करून आणि अंगभर कपडे घालून जावं.

आणि एकाच मोठ्या खर्चाची ऐपत असेल, तर तो बुर्ज खलिफाच्या तिकिटावर किंवा पंचतारांकित न्याहारीवर करू नका. दुबईने 225 चौरस किलोमीटर वाळवंट कुंपण घालून राखलं आहे, तिथे ठरावीक कंपन्यांनाच पर्यटक नेता येतात. अरबी ओरिक्स हा पांढरा, लांब सरळ शिंगांचा हरिणवर्गीय प्राणी 1972 मध्ये रानातून नाहीसा झाला होता. प्राणिसंग्रहालयांत वाढवून त्याला पुन्हा मोकळं सोडलं, आणि आज या राखीव क्षेत्रात त्याचे कळप फिरतात. जाणत्या वाटाड्याबरोबर छोट्या गटाने इथे पहाटेची फेरी किंवा रात्रीचा मुक्काम करायला नेहमीच्या सफारीच्या कित्येक पट पैसे लागतात. इतर दिवशी कॅफेटेरियात जेवा, मेट्रोने फिरा, अब्राने खाडी ओलांडा, आणि वाचलेले पैसे इथे घाला.